पन्नास रुपयांचे पाकीट आणि कुळथाची मुळे

भात कापून झाले, कुणग्यात अजून ओल आहे आणि ती सुकायच्या आत कुळीथ-चवळी पेरून व्हायला हवी. नेमक्या त्या दिवसांत बियाणे घ्यायला दुकानात गेलो की काळ्या भुकटीचे एक पाकीट पुढे येते. वर लिहिलेले असते ‘रायझोबियम’. दुकानदार म्हणतो, बियाण्याला चोळा, युरिया वाचेल. किंमत किरकोळ, त्यामुळे आपण फार विचारत नाही. मी दोन वर्षे असेच न विचारता घेतले आणि दोन्ही वेळा पैसे वाया घालवले. पहिल्या वर्षी घरी आल्यावर वाचले तर पाकीट हरभऱ्याचे होते, आणि मी ते चवळीला लावून बसलो होतो. दुसऱ्या वर्षी पिकाचे नाव बरोबर होते, पण पाकीट दुकानाच्या दर्शनी फळीवर, दुपारच्या उन्हात, किती महिने पडून होते कोण जाणे.

शेजारच्या काकींनी तेव्हाच सुनावले होते, “आमच्या आजयेन कुळथाक कधी पावडर लायल्यान नाय. तरी पिठी काय अडान रवली?”

काकींचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कुठे आणि त्याला किती पैसे पडतात, ते सांगण्यासाठी हा लेख.

पाकिटात काय असते

लिग्नाइटसारख्या वाहक भुकटीत जिवंत जिवाणू मुरवलेले असतात. डाळवर्गीय रोपाचे कोवळे मूळ मातीत काही रसायने सोडते. ती ओळखून जिवाणू मुळाच्या केसापाशी येतात आणि स्वतःचा एक रासायनिक निरोप देतात. तो पटला तर केस वाकतो, जिवाणूंना आत घेतो आणि तिथे गाठ तयार होते. हवेतला नत्र पिकाला घेता येत नाही, पण गाठीतले जिवाणू त्याचा अमोनिया करून देतात. बदल्यात रोप त्यांना पानांत बनवलेली साखर पुरवते. या कामाला लागणारे विकर प्राणवायूने बिघडते, म्हणून गाठीत प्राणवायू जपून पोचवणारे एक लाल द्रव्य असते. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भावंड. चांगली गाठ कापली की आत गुलाबी दिसते ती त्यामुळे, आणि ही खूण पुढे आपल्याला पैसे वाचवायला उपयोगी पडणार आहे.

हा व्यवहार रोप डोळे मिटून करत नाही. ज्या गाठीत नत्र तयार होत नाही तिचा प्राणवायू सोयाबीनचे रोप कमी करते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. गिऱ्हाईक म्हणून रोप माझ्यापेक्षा चोखंदळ निघाले.

जिवाणू विकण्याचा धंदाही आजचा नाही. गाठींमुळे डाळवर्गीय पिकांना हवेतला नत्र मिळतो, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६-८८ च्या सुमारास दाखवले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी ‘नायट्राजिन’ नावाने त्याचे पेटंट घेऊन तो विकायला काढला. भारतात या विषयावरचे सुरुवातीचे काम १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी केले.

काकींचे अर्धे खरे

सगळ्या डाळवर्गीय पिकांना एकच जिवाणू चालत नाही. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा, वाटाणा-मसूर यांचा वेगळा. आपल्याकडची चवळी, कुळीथ, वाल, मूग, उडीद, तूर आणि भुईमूग ही सगळी मात्र एका मोठ्या गटात बसतात. त्याला चवळी गट म्हणतात. या गटाची पिके फार निवडक नसतात आणि त्यांचे जिवाणू उष्ण प्रदेशातल्या मातीत आपोआप पुष्कळ असतात. पिढ्यान्‌पिढ्या कुळीथ पिकवलेल्या जमिनीत ते असणारच. आजीला पावडर लागली नाही ती म्हणून. देशावरचे शेतकरी सोयाबीनला हे पाकीट आग्रहाने लावतात, कारण ते पीक बाहेरून आलेले आणि नवख्या जमिनीत त्याचा जिवाणू नसतो. त्यांची गरज बघून आपण आपली ठरवली तर हिशेब चुकतो.

मग आपल्याकडे पाकीट कधी लागते? आमच्या वेंगुर्ल्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भाताचा कुणगा जूनपासून चार महिने पाण्याखाली असतो. इतके दिवस पाणी साचले की हवेवर जगणाऱ्या या जिवाणूंची संख्या घटते. त्यामुळे भातानंतर पहिल्यांदाच चवळी घेत असाल, किंवा त्या तुकड्यात चार-पाच वर्षांत डाळवर्गीय पीकच झाले नसेल, तर पाकीट घ्यायला अर्थ आहे. काजूची नवी लागवड करण्यासाठी जांभ्याचे भरड फोडून मधल्या जागेत भुईमूग किंवा चवळी करणाऱ्यांनाही तेच सांगेन. दरवर्षी त्याच मळ्यात कुळीथ होत असेल आणि पीक हिरवेगार असेल, तर पाकिटाचे पैसे खिशात ठेवा.

शंका असेल तर एक तपासणी आहे आणि ती फुकट आहे. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी, फूल दिसू लागले की चार ठिकाणची चार रोपे काढा. उपटू नका, कारण उपटले की गाठी मातीतच राहतात आणि आपण उगाच घाबरतो. खुरप्याने सभोवतालची माती सैल करून ढेकळासकट उचला आणि बादलीत बुडवून माती विरघळू द्या. मुख्य मुळाच्या वरच्या भागात दहा-पंधरा टपोऱ्या गाठी असतील तर दोन-तीन नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, काम नाही. शेंगा भरू लागल्यावर चांगल्या गाठीही हिरव्या पडतात, म्हणून तपासणी फुलावरच करायची. आणखी एक फसगत सूत्रकृमींची होते. त्यांच्याही गाठी मुळावर येतात, पण तिथे मूळच सुजलेले असते. जिवाणूची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि नखाने सहज सुटते.

ही तपासणी यंदाच्या पिकाला उशिरा होते हे खरे. पुढच्या वर्षी पाकीट घ्यायचे की नाही, याचे उत्तर मात्र ती देते.

दहा गुंठ्यांचा हिशेब

आता पैशांकडे. आपल्याकडचे तुकडे लहान, म्हणून हिशेब दहा गुंठ्यांचा करतो. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा साधारण दहावा भाग. खाली जिथे ‘धरू’ म्हटले आहे तो भाव मी हिशेबासाठी धरलेला आहे. तुमच्या दुकानातला आकडा तिथे घालून गणित पुन्हा करा.

नेहमीची शिफारस अशी, की २५० ग्रॅमचे एक पाकीट दहा किलो बियाण्याला, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. दहा गुंठ्यांच्या चवळीला बियाणे लागते दोन किलोच्या आसपास आणि त्याला ही भुकटी, म्हणजे संवर्धक, लागते फक्त पन्नास ग्रॅम. पाचातले चार भाग उरतात. उघडलेले पाकीट टिकत नाही, त्यामुळे एकट्याने घेतलेल्या पाकिटातले बरेचसे पुढच्या वर्षीच्या खतात जाते. आमच्या वाडीत आता चार-पाच घरे मिळून एक पाकीट आणतो, एका सकाळी एका पडवीत सगळ्यांचे बियाणे चोळतो आणि त्याच दिवशी पेरतो. पाकीट पन्नास रुपये धरू. घरटी दहा रुपये पडले. भुईमुगाचे तसे नाही. दहा गुंठ्यांना दाणेच दहा-बारा किलो लागतात, तिथे पूर्ण पाकीट एका घरालाच हवे.

आता युरिया किती वाचतो ते बघू, कारण विकणारा तेच सांगतो. चवळी गटाचे चांगले पीक हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र सहज बांधते. दहा गुंठ्यांना चार-पाच किलो झाले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हा दहा किलो युरिया. ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते, तेव्हा दहा किलोचे साठ रुपयेही होत नाहीत. सरकारी अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की या तराजूत जिवाणू हलका भरतो. ‘युरिया वाचेल’ ही जाहिरात खोटी नाही, फक्त साठ रुपयांची आहे.

खरा फायदा वेगळा आहे. आपल्या जांभ्या-वाळूसर मातीतून युरिया निसटून जातो, गाठीतला नत्र रोपाला रोजच्या रोज, पाहिजे तेवढा मिळतो. फायदा मोजायचा तो दाण्यात. कुळीथ किलोला शंभर रुपये धरू. अर्धा किलो जास्त आला तरी पन्नास रुपयांचे आख्खे पाकीट सुटले. दहा गुंठ्यांत अर्धा किलो म्हणजे फार नाही, म्हणून गरज असलेल्या तुकड्यात पाकीट घेणे शहाणपणाचेच आहे.

पण एवढ्यावर थांबणाऱ्याचे पीक पिवळेच राहते, हे मी स्वतःच्या मळ्यात पाहिले आहे. अडचण जिवाणूची नसते, त्याला मिळणाऱ्या घराची असते. आपली जांभी माती आम्लधर्मी. सामू साडेपाचच्या खाली गेला की गाठी कमी धरतात. नत्र बांधायला लागणारे मॉलिब्डेनम अशा मातीत अडकून पडते. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, आणि स्फुरदाशिवाय गाठी वाढत नाहीत. जिवाणू हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त पाहुणा. खर्च त्याच्या पाहुणचारात होतो.

पहिला खर्च चुन्याचा. चुनखडीची बारीक भुकटी पेरणीच्या सरीत हेक्टरी दोन ते चार क्विंटल घालतात. दहा गुंठ्यांना वीस ते चाळीस किलो झाले. तीस किलो घेऊन किलोला आठ रुपये धरले तर २४० रुपये. सामू सहाच्या वर असेल तर हा खर्च करूच नका. सामू कळण्यासाठी आधी माती तपासा. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून चालू आहे आणि पत्रिकेत सामू असतो. तुमच्या गटाची पत्रिका निघाली आहे का ते गावच्या कृषी सहायकाला विचारा. निघाली नसेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात नमुना कसा द्यायचा ते कळेल. घरच्या चुलीची राखही थोडा आधार देते आणि तिला पैसे पडत नाहीत.

दुसरा खर्च स्फुरदाचा. डाळवर्गाला हेक्टरी ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के असते, म्हणजे दहा गुंठ्यांना ३१ किलो. पन्नास किलोचे पोते साडेपाचशे धरले तर सुमारे ३४० रुपये. डीएपीपेक्षा मी हेच सुचवेन, कारण त्यातून कॅल्शियम आणि गंधकही मिळते. नत्र मात्र सुरुवातीपुरतेच द्या, हेक्टरी २५ किलोच्या वर नको. तयार नत्र हाताशी असले की रोप गाठी धरायचे टाळते. जिवाणूही लावायचे आणि युरियाही ओतायचा, यात दोन्ही पैसे जातात.

एकूण बघा. पाकीट ५०, चुना २४०, सुपर फॉस्फेट ३४०, मिळून ६३० रुपये. त्यात पाकिटाचा वाटा बाराव्या भागाइतका. हे ६३० सुटायला सव्वासहा किलो कुळीथ जास्त यायला हवा. दहा गुंठ्यांत पन्नास-साठ किलो पिकवणाऱ्याला ती एक दशांशाहून थोडी अधिक वाढ झाली. होऊ शकते, पण हमखास नाही. म्हणून माझा सल्ला असा, की पैसे कमी असतील तर सुपर फॉस्फेट आधी, चुना सामू बघून, आणि पाकीट शेजाऱ्यांबरोबर वाटून.

खाजणालगतच्या, खाऱ्या पाण्याचा शिरकाव होणाऱ्या शेतात यातले काहीच फार चालत नाही. क्षाराने गाठी धरण्याची क्रियाच मंदावते. शिरोडा-आरवली भागातल्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी पाकिटाऐवजी बांध दुरुस्तीवर खर्च करावा.

दुकानात काय बघायचे

जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात, त्यामुळे पाकिटावर काय असावे याचे नियम आहेत. पिकाचे किंवा गटाचे नाव वाचा, ‘डाळवर्गीय पिकांसाठी’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘चवळी गट’ किंवा तुमच्या पिकाचे नाव हवे. उत्पादनाची आणि अंतिम तारीख बघा. भुकटीच्या पाकिटाचे आयुष्य साधारण सहा महिने, द्रवरूपाचे त्याहून जास्त. नियमाप्रमाणे भुकटीत ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत आणि द्रवात मिलिलिटरला दहा कोटी. ते मोजणे आपल्याला शक्य नाही. पण पाकीट कुठे ठेवले होते ते दिसते. उन्हात, पत्र्याखाली, किंवा कीटकनाशकांच्या बाटल्यांना टेकून ठेवलेले पाकीट मी आता फुकटही घेत नाही. आतल्या खोलीत, गारव्यात ठेवलेले मागा.

विद्यापीठांची संवर्धके विचारून बघण्यासारखी आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यातच आहे. काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती तिथल्याच. संवर्धक तिथे नसले तरी कुठून मागवायचे ते तिथे विचारता येते. मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही जिवाणू खते तयार होतात, पण तिथून आणायचे तर एका पाकिटासाठी भाडे परवडत नाही. वाडीची एकत्र मागणी करा.

लावायची रीत सोपी, पण क्रम चुकवू नका. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. गरम पाण्यात थोडा गूळ विरघळवून, ते पूर्ण थंड झाल्यावर त्यात भुकटी कालवा. बियाणे ओले चिंब करायचे नाही, प्रत्येक दाण्याला काळा हात लागला की पुरे. भुईमुगाचे साल सुटते, म्हणून तिथे हलक्या हाताने. मग गोणपाटावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रासायनिक खतात मिसळून पेरायचे नाही. आम्ल जमिनीत ओलसर बियाण्यावर चुनखडीची मैद्यासारखी भुकटी भुरभुरतात, त्याने जिवाणूला कवच मिळते. इथे विड्याचा किंवा भिंतीचा भिजवलेला चुना वापरू नका. तो जिवाणूला जाळतो.

एक बिनपैशाचा पर्यायही आहे. ज्या मळ्यात कुळथाला भरपूर गुलाबी गाठी आल्या होत्या तिथली मुळांजवळची टोपलीभर माती आणून नव्या तुकड्यातल्या सरीत टाकायची. पाकिटे येण्याआधी युरोपातले शेतकरीही हेच करत. धोका एवढाच, की मर रोगाची माती असेल तर रोगही येईल, म्हणून निरोगी मळ्यातलीच आणा. आणि पाकीट लावाल तेव्हा दोन ओळी न लावता ठेवा, मेरेला काठी रोवून खूण करा. दुकानदाराचे, माझे आणि काकींचे म्हणणे त्या दोन ओळींपुढे ठेवून बघता येते.

पीक काढताना एक सवय मोडावी लागेल. आपण कुळीथ मुळासकट उपटतो आणि खळ्यावर नेतो. बांधलेल्या नत्राचा मोठा भाग तसाही दाण्यात आणि पाल्यात गेलेला असतो. मुळात राहिलेला थोडा तरी जमिनीला मिळू द्या. विळ्याने बुंध्याशी कापा, मुळे तिथेच कुजू देत. खळ्यावरचा भुसा गुरांना गेला तर त्याचे शेण शेतात परत यायला हवे. मेरेवर गिरिपुष्पाची फांदी रोवली तर तिच्याही मुळांना अशाच गाठी येतात, आणि तिचा पाला भाताच्या चिखलात तुडवता येतो. खर्च शून्य.

शेवटी बिलाचे. पाकीट छोटे असले तरी पिकाचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहिलेले पक्के बिल घ्या, आणि रिकामे पाकीट पीक निघेपर्यंत जपा. गाठी धरल्या नाहीत आणि शंका आली, तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. मालाचा नमुना घेण्याचा अधिकार कृषी विभागाच्या निरीक्षकांना असतो. तिथे भागले नाही तर ग्राहक म्हणून दाद मागता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनविरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाबद्दल तक्रार दाखल करायला शुल्क पडत नाही.